पत्र्यातली दांडी

रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून दक्षिणेला निघालं की सुमारे 20 किलोमीटरवर पावस लागतं. बाहेरच्या लोकांना हे गाव स्वामी स्वरूपानंदांमुळे ठाऊक असतं. स्वामींचा जन्म इथलाच, 1903 सालचा. 1974 साली ते समाधिस्थ झाले तेही इथेच, आणि त्याआधीची कितीतरी वर्षं त्यांनी गावातल्या अनंत निवासात काढली. समाधी मंदिरात माणसं दर्शनाला येतात, दुपारी प्रसादाची खिचडी घेतात आणि पुढे गणेशगुळ्याला नाहीतर पूर्णगडाला जातात. गावकऱ्यांचं वर्ष मात्र मोहोरापासून मृगापर्यंत आंब्याभोवती फिरतं.

अशाच एका बागायतदाराची मुलगी मुंबईत उपयोजित कला शिकत होती. घरात तिला सगळे बाय म्हणत, आपणही तेच म्हणू. हात चांगला, मेहनतीला मागे नाही, आणि सुंदर काही दिसलं की ते लगेच आपल्यालाही करून बघावंसं वाटायचं. तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीआधी वर्गाला काम मिळालं: आपल्या मनाचा विषय घ्या, त्यावर छायाचित्रं काढा, अक्षरं घडवा, मांडणी करा, आणि हे सगळं कुठून सुचलं तेही सोबत जोडा.

बायच्या खोलीची भिंत या कामासाठी आधीच तयार होती. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी घडवलेली शीर्षकं तिनं जुन्या वर्तमानपत्रांतून कापून लावली होती. दीनानाथ दलालांनी 1945 साली सुरू केलेल्या ‘दीपावली’ अंकाची मुखपृष्ठं होती. मोडी लिपीच्या अभ्यासातून पुढे गेलेल्या अच्युत पालवांची सुलेखनं होती. संगणकासाठी ‘मंगल’ हा देवनागरी टंक घडवणाऱ्या र. कृ. जोशींची अक्षरचित्रं होती. वारीत चालणाऱ्या माणसांची संदेश भंडारे यांनी काढलेली छायाचित्रं होती. स्वित्झर्लंडमधली भित्तिपत्रकं होती. आणि मधोमध होतं जपानमधलं एक चित्र: भाताच्या पेंढ्यात एकाखाली एक बांधलेली पाच अंडी. यामागाता भागातली ही जुनी रीत. हिदेयुकी ओका यांनी अशा पारंपरिक बांधणी जमवून 1960च्या दशकात त्यांचं पुस्तक केलं आणि ते चित्र जगभरच्या कलाविद्यार्थ्यांच्या भिंतींवर गेलं.

सरांनी त्या भिंतीचा फोटो पाहिला. म्हणाले, “निवड चांगली आहे. आता यातलं प्रत्येक काम असं का आहे, ते बाजूला लिहून आण.”

बायनं रात्री बसून लिहिलं. एका चित्रापुढे ‘सुंदर’, दुसऱ्यापुढे ‘साधं पण उठावदार’, तिसऱ्यापुढे ‘वेगळं’. सरांनी कागद वाचला आणि परत दिला. “हे तुला काय वाटलं ते झालं. ते असं का आहे, हे राहिलं.” बायला हा सरांचा नुसता काटेकोरपणा वाटला. तिनं विषय ठरवून टाकला होता, ‘आमचा हापूस’, आणि कधी एकदा घरी जाऊन कॅमेरा काढते असं तिला झालं होतं.

एप्रिल संपत आला होता. बागेत आंबा काढण्याची घाई होती. गडी झेल्यानं आंबा देठासकट उतरवत होते, कारण देठ तुटला तर चीक सालीवर ओघळतो आणि फळाला डाग पडतो. उतरलेला आंबा मांगरात यायचा, आकाराप्रमाणे वेगळा व्हायचा. काही वाशीच्या बाजारासाठी पेट्यांत जायचा, काही घरच्या आढीत पेंढ्यावर मांडला जायचा.

बायनं आढीतले चांगले बारा आंबे निवडले, ओटीवर काळं कापड अंथरलं, त्यावर ते रचले आणि पिचकारीनं पाणी मारलं. पाण्याचे थेंब सालीवर मोत्यांसारखे उभे राहिले. फोटो अगदी जाहिरातीत असतो तसा आला. आजी आतून बाहेर आली आणि तिथेच थांबली.

“अगो, आढीतल्या आंब्यावर पाणी कशाला मारलंस?”

“फोटोसाठी, आजी. ताजा दिसतो.”

“दिसेल गो. पण पिकायला घातलेला आंबा ओला झाला की कुजतो. पुस बघू आधी सगळे.”

आजीनं पदरानं एकेक आंबा टिपून घेतला. बायनंही पुसले, पण मनात म्हणाली, आजीला फोटोतलं काय कळणार. ते थेंब आपण कुठून उचलले, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. थंड पेयांच्या जाहिरातींत बाटलीवर थेंब दाखवतात, कारण बाटली गार आहे हे त्यांना सांगायचं असतं. आढीतल्या हापूसला गारवा सांगायचा नसतो, त्याला ऊब लागते. थेंब सुंदर होते, पण त्या आंब्याचे नव्हते.

मग तिनं पेटीकडे मोर्चा वळवला. बाबा अजून लाकडी पेट्या वापरत. फळ्यांच्या पेट्या, मधून फटी, आत गवताचा थर. बायनं झाकणाएवढा मोठा कागद छापून आणला: गडद हिरवा रंग, मधोमध नाजूक, बारीक अक्षरांत ‘पावस’, आणि खाली भरपूर मोकळी जागा. पेटीच्या चारी बाजूंनी त्याच रंगाच्या कागदाचा पट्टा गुंडाळला. वरून पेंढ्याची वेणी बांधली, जपानी अंड्यांची आठवण म्हणून. मांगरात मांडलेल्या त्या 25 पेट्या खरोखर देखण्या दिसत होत्या. तिनं त्यांचे पुष्कळ फोटो काढले.

पेट्या गाडीत चढवताना बाबांनी विचारलं, “बाय, बाजूला नाव आणि आकडा घालू ना नेहमीसारखा?”

“नको बाबा. डिझाइन बिघडेल.”

बाबा क्षणभर थांबले. पोरगी शिकून आली आहे, तिला काहीतरी करून बघायचं आहे, असं म्हणून त्यांनी ब्रश खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाशीहून फोन आला. बाबा ऐकत होते, मधूनमधून ‘हो, हो’ म्हणत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी बायला जवळ बोलावलं आणि आवाज न चढवता सगळं सांगितलं. गाडीत आणि गाळ्यावर पेट्यांची थप्पी लागते. थप्पीत झाकण कुणालाच दिसत नाही, दिसते ती पेटीची अरुंद बाजू. त्या बाजूवर यावेळी नुसता हिरवा कागद होता. पेट्या कुणाच्या, हे उतरवून घेणाऱ्यांना कळलं नाही. चार डझनी कुठली, पाच डझनी कुठली, सात डझनी कुठली, तेही कळलं नाही. पेटी तेवढीच असते. फळ मोठं असलं की चार डझन मावतात, लहान असलं की सहा-सात. म्हणून तो आकडा म्हणजेच फळाचा आकार, आणि भाव त्यावर ठरतो. आकडा नसल्यामुळे सगळा माल सरमिसळ झाला आणि मोठं फळही लहान फळाच्या भावात गेलं. शिवाय फटी कागदानं बंद झाल्यामुळे काही पेट्या आतून तापल्या होत्या.

बायचे डोळे भरून आले. बाबा म्हणाले, “रडू नको. 25 पेट्यांनी बाग बुडत नाही. पण आता एक कर. पूर्णगडला तात्यांकडे जाऊन ये. आपला पहिला छाप त्यांनीच कापला होता.”

मांगराच्या माळ्यावरून बाबांनी गंजलेला पत्र्याचा एक तुकडा काढून दिला. त्यावर अक्षरं कोरून आरपार काढलेली होती: वर आजोबांच्या नावाची आद्याक्षरं, खाली ‘पावस’. बायनं तो उजेडासमोर धरला. अक्षरं तिला ओबडधोबड वाटली. शिरोरेषा सलग नव्हती, प्रत्येक अक्षरानंतर तुटलेली. ‘व’च्या पोटात एक आडवी पट्टी अडकलेली, ‘प’लाही तशीच.

पूर्णगडला मुचकुंदी नदी समुद्राला मिळते. तिथल्या वाडीत तात्या राहत. उभं आयुष्य त्यांनी होड्यांवर नावं रंगवली, दुकानांच्या पाट्या लिहिल्या आणि बागायतदारांना पेट्यांचे छाप कापून दिले. आता हात थरथरत असल्यामुळे काम थांबलं होतं. तो पत्रा हातात घेतल्यावर त्यांनी त्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

“रॉकेलच्या डब्याचा पत्रा हा. अजून वाकला नाही बघ.”

“तात्या, ही अक्षरं अशी तुटकी का हो ठेवलीत? सलग नसती का काढता आली?”

तात्यांनी उत्तर दिलं नाही. पडवीतून डब्याचा पत्रा आणला, लाकडाच्या ओंडक्यावर ठेवला, खडूनं ‘पावस’ लिहिलं आणि छन्नी-हातोडी तिच्या हातात दिली. “सलग काप.”

बायनं ‘व’पासून सुरुवात केली. वाटोळ्याच्या बाहेरची रेघ कापली, मग आतली. शेवटचा घाव बसला आणि टणकन आवाज होऊन ‘व’चं पोटच खाली पडलं. पत्र्यात उरलं ते नुसतं मोठं भोक. त्यावरून रंगाचा बोळा फिरवला असता तर पेटीवर एक काळा ठिपका उमटला असता आणि कुणाला ‘व’ वाचता आला नसता.

“पोट धरून ठेवायला दांडी लागते,” तात्या म्हणाले. “ज्या अक्षराला बंद पोट, त्याला दांडी. ‘व’ला, ‘ब’ला, शिरोरेषा जोडलीस की ‘प’लासुद्धा. आता वरची रेघ सलग काप.”

तिनं तिन्ही अक्षरांवरून एक लांब चीर कापली. खालच्या अक्षरांच्या उभ्या रेघा त्या चिरेला येऊन मिळाल्या तसा मधला पत्रा सैल पडून जिभेसारखा लोंबू लागला. तात्यांनी त्याला बोट लावलं. “रंगाचा बोळा फिरला की हा उचलतो. उचलला की रंग खाली शिरतो आणि अक्षर फुटतं. म्हणून रेघ तोडायची. तोडायची तीही दोन अक्षरांच्या मध्ये. वाचताना डोळा तेवढी जागा आपसूक भरून काढतो.”

“आणि अक्षर इतकं जाड, पोट इतकं मोठं?”

“पेटीच्या फळीवर रंग पसरतो. लहान पोट भरून जातं. शिवाय वाचणारा माणूस पाठीवर पेटी घेऊन पळत असतो, त्याला थांबून वाचायला वेळ नाही. होडीवरचं नावही असंच. दुसऱ्या होडीतल्या माणसाला लाटांवर हलताना वाचता यायला पाहिजे. आम्ही देखणं कधी काढलं नाही गो. वाचता येईल असं काढलं, ते लोकांना देखणं वाटलं.”

बाय घरी आली ती ते पडलेलं ‘व’चं पोट खिशात घेऊनच. त्या रात्री तिनं आपल्या भिंतीचा फोटो उघडला आणि सरांचा प्रश्न पहिल्यांदा मनापासून स्वतःला विचारला. हे असं का आहे?

एकेक चित्र बोलू लागलं. नाटकाची जाहिरात वर्तमानपत्राच्या अरुंद रकान्यात यायची, काळ्यापांढऱ्यात, इतर जाहिरातींच्या दाटीत. तेवढ्या जागेत नाटकाचं नाव दिसायला हवं आणि ते कोणत्या जातीचं नाटक आहे हेही एका नजरेत कळायला हवं. शेडग्यांची अक्षरं नाटकागणिक बदलतात ती यामुळे. दिवाळी अंक विक्रेत्याकडे ढिगाने मांडलेले असतात. त्यातून आपला अंक वाचकाच्या हाती जायचा तर रंगांनी लांबूनच हाक मारली पाहिजे. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं, म्हणून एका दिशेनं ओढलेली रेघ जाड येते आणि दुसऱ्या दिशेनं बारीक. सुलेखनातला तो डौल बोरूच्या कापातून येतो, मग लिहिणाऱ्याचा हात त्याला वळण देतो. आणि जपानी अंडी? ज्यांच्या घरी भात पिकतो त्यांच्या हाताशी पेंढाच असणार. पेंढा मऊ, अंडं नाजूक. बांधून झाल्यावर अंडी उघडी दिसतात, म्हणजे घेणाऱ्याला ती ताजी आहेत का ते बघता येतं, आणि जुडी हातात धरून नेता येते. त्या बांधणीत एकही काडी शोभेची नाही.

बायला आपली पेंढ्याची वेणी आठवली. आपल्याही घरी पेंढा होता. आढीत आंब्याखाली होता, आंब्याला ऊब देत होता. तो पेंढा तिला दिसला नाही, आणि जपानच्या चित्रातला दिसला म्हणून तिनं तो पेटीवर वरून बांधला, जिथे त्याला काहीच काम नव्हतं.

पुढच्या रविवारी ती कशेळीला गेली. पूर्णगडचा पूल ओलांडून गावखडीवरून जाणारा तो रस्ता. कशेळीच्या सड्यावर जांभ्या खडकात कोरलेला भलाथोरला हत्ती आहे, सुमारे 18 मीटर लांब, आणि त्याच्या देहात इतर प्राण्यांच्या आकृती. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी वर्षानुवर्षं सडे तुडवून, गावोगावच्या माणसांना आणि गुराख्यांना विचारून अशी कातळशिल्पं जगापुढे आणली. कशेळीचं शिल्प 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीतही गेलं.

बाय भर दुपारी पोचली होती. फोटो काढले तर रेघाच उमटेनात. तांबडा-काळा खडक, त्यावर पांढरं ऊन, हत्ती कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते कळत नव्हतं. कॅमेऱ्यात बदल करून पाहिले, काही जमेना. तिथून गुरं घेऊन जाणारे एक आजोबा म्हणाले, “आता काय दिसायचं? ऊन कलू दे.”

ती थांबली. पाचनंतर सूर्य समुद्राकडे उतरू लागला तशी उन्हाची तिरीप सड्यावर आडवी आली. कोरलेल्या प्रत्येक खाचेच्या एका कडेवर उजेड पडला आणि दुसऱ्या कडेखाली सावली साचली. जी रेघ दुपारी नव्हती ती आता बोटाएवढी स्पष्ट उठली. सोंड दिसली, पाय दिसले, पाठीचा लांब बाक दिसला. कॅमेरा दुपारचाच होता, खडकही तोच. फरक एवढाच की आता उजेड खोली दाखवेल अशा कोनातून येत होता. तिनं काढलेल्या सगळ्या छायाचित्रांत ती छायाचित्रं सर्वांत साधी होती, आणि सर्वांत खरी.

घरी परतल्यावर तिनं आढीचे फोटो पुन्हा काढले. काळं कापड नाही, पाणी नाही. माजघराशेजारच्या अंधाऱ्या खोलीत छपरातल्या काचेच्या कौलातून सकाळी उजेडाचा एक झोत खाली येतो. त्या झोतात पेंढा सोनेरी दिसतो आणि त्यावर ओळीनं मांडलेला, अर्धा हिरवा अर्धा केशरी झालेला आंबा. आजी वाकून आंबा उलटापालटा करत होती, नाकाशी नेऊन पिकल्याचा अंदाज घेत होती. फोटो बघून आजी म्हणाली, “हां, हा आपला आंबा.”

आता पेटी राहिली होती. बायनं दोन दिवस बसून नवी रचना केली. यावेळी सगळं घरचं होतं. तात्यांच्या छापासारखी जाड अक्षरं, तीच तुटलेली शिरोरेषा, ‘व’च्या पोटात तीच दांडी, रंग पेटीच्या फळीवरचा असावा तसा काळा आणि थोडा पसरलेला. गावाचं, आपल्या मातीचं, तात्यांच्या हातचं. ती मोठ्या आनंदानं कागद घेऊन पूर्णगडला गेली.

तात्यांनी कागद लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. “अक्षर छान काढलंस. हे पत्र्यातून रंगवणार?”

“नाही तात्या, छापखान्यात छापून चिकटवणार.”

“मग दांडी कशाला?”

बाय गप्प झाली.

“छापखान्यात ‘व’चं पोट खाली पडतं का?”

“नाही.”

“रेघ लोंबते का?”

“नाही... पण ते जुन्या छापासारखं वाटतं म्हणून ठेवलं.”

तात्यांनी कागद तिच्या मांडीवर ठेवला. “बाय, माझ्याकडे पत्रा होता म्हणून मला दांडी ठेवावी लागली. ती माझी अडचण होती गो. तू माझी अडचण उचललीस, माझं काम नाही उचललंस. माझ्याकडे तुझ्यासारखा छापखाना असता तर मी रेघ सलगच ओढली असती.”

हा घाव पहिल्यापेक्षा खोल होता. परक्याची नक्कल केली तेव्हा तिला चूक कळायला वेळ लागला नाही, कारण नुकसान समोर दिसलं. घरच्या माणसाची नक्कल मात्र तिला आपलेपणा वाटली होती. जपानची काडी असो की पूर्णगडची दांडी, कारणाशिवाय उचलली की दोन्ही सारख्याच. नक्कल शेजारची आहे म्हणून ती आपली होत नाही.

ती तात्यांशेजारी पडवीत बसली आणि दोघांनी मिळून एक यादी केली: पत्र्याची अडचण गेली तरी काय उरतं? पेटी थप्पीतच लागणार, म्हणून नाव अरुंद बाजूवरच हवं, दोन्ही टोकांना. वाचणारा अजूनही घाईतच असणार, म्हणून अक्षर जाड आणि पोट मोकळं हवं. आकड्यावरच भाव ठरणार, म्हणून आकडा नावाइतकाच मोठा हवा. आकडा पेटीगणिक बदलणार, म्हणून तो छापायचा नाही, त्यासाठी पांढरा चौकोन सोडायचा आणि तिथे बाबांनी हातानं लिहायचा. फळाला हवा लागणारच, म्हणून फटींवर कागद येता कामा नये. आणि 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांबाहेरच्या आंब्याला ते नाव लावता येत नाही, म्हणून गाव आणि जिल्हा दोन्ही ठळक हवेत. नावामागची जबाबदारी तिथेच वाचता आली पाहिजे.

पेटीवरच्या पट्टीसाठी अक्षरं जुळवताना संगणकावर ‘कलमी’ या शब्दातला ‘ल’ हिंदी वळणाचा येत होता. पूर्वी तिच्या ते लक्षातही आलं नसतं. आता तिनं भाषा मराठी निवडली, मराठी वळणाचा ‘ल’ देणारा टंक शोधला, त्याचा जाडपणा तात्यांना दाखवून ठरवला आणि शिरोरेषा सलग ठेवली. दांडी कुठेच नव्हती. तरीही ती पट्टी पाहून बाबा म्हणाले, “ही आपल्या जुन्या छापाची लेक वाटते.”

मृगाआधीच्या शेवटच्या गाडीला त्या पेट्या गेल्या. वाशीहून फोन आला तो हिशेबाचा. पेटीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. नाव वाचलं गेलं होतं, आकडा वाचला गेला होता, माल आपापल्या भावात गेला होता. बाबांनी हिशेब वहीत उतरवला आणि बायकडे बघून हसले. पेटीबद्दल कुणाला काही विचारावं लागलं नाही, यातच तिच्या कामाची पावती होती.

जूनमध्ये तिनं सरांपुढे काम मांडलं. कशेळीचा हत्ती होता, आढीतला आंबा होता, आजीचे हात होते, पेटीची पट्टी होती. पहिली हिरवी पेटी आणि तात्यांनी परत केलेला कागदही तिनं जोडला होता. शेवटी प्रेरणांचं पान होतं. त्यावर प्रत्येक चित्राशेजारी दोन-तीन ओळी होत्या: हे कुणासाठी केलं, कशानं केलं, कोणती अडचण होती, तिच्यातून हे रूप कसं आलं. कितीतरी चित्रं तिनं काढून टाकली होती, कारण त्यांच्यासमोर लिहायला तिला ‘सुंदर’खेरीज काही सापडलं नव्हतं. एका स्विस भित्तिपत्रकाखाली मात्र तिनं लिहिलं होतं, ‘अजून कळलं नाही. शोधते आहे.’

सरांनी सगळ्यात जास्त वेळ त्याच ओळीवर घालवला. मग म्हणाले, “आता भिंत तुझी झाली.”

तात्पर्य: जगात जे जे चांगलं घडलं आहे ते विद्यार्थ्यानं डोळे भरून पाहावं, जपानचं पाहावं आणि शेजारच्या वाडीतलंही पाहावं. पण पाहिलेलं उचलण्याआधी ते घडवणाऱ्याला, तो नसेल तर त्याच्या कामाला, ‘हे असं का?’ एवढं विचारावं. रूप उसनं मिळतं. कारण उसनं मिळत नाही, ते आपल्याच कामात शोधावं लागतं. ज्याला ते सापडलं, त्याच्या हातून घडलेली वस्तू कुणासारखीही नसली तरी ज्यांच्याकडून तो शिकला त्यांची वाटते.